कानाशी बसण्याची ड्यूटी

आमची पलटण त्या वर्षी पावसाळा संपता संपता उत्तरेकडे वर चढली आणि माझं पोस्टिंग डोंगराच्या धारेवरच्या एका पोस्टवर झालं. पोस्टचं नाव सांगत नाही, सांगायचं नसतं. मी तेव्हा लान्स नाईक होतो, ट्रेड रेडिओ ऑपरेटर. पोस्टवर मोजके जवान आणि पोस्ट कमांडर सुभेदार जाधव साहेब. चारी बाजूंना बर्फ. झाड नाही, पाखरू नाही. वास म्हणून फक्त रॉकेलचा, तोही आठवड्याने येईनासा होतो.

दिवस स्टँड-टूने सुरू व्हायचा. उजाडायच्या आधी प्रत्येक जवान हत्यार घेऊन आपापल्या मोर्च्यात, म्हणजे खंदकात, उभा. शत्रू काही रोज येत नाही. पण कुठल्या दिवशी येणार हे तो कळवतही नाही, म्हणून रोज उभं राहायचं. दिवस मावळताना पुन्हा तेच. पोरांना हा सगळ्यात कंटाळवाणा प्रकार वाटायचा. मला वाटायचा नाही, कारण आमची आय आयुष्यभर स्टँड-टूवरच होती.

हे नीट सांगायला हवं. आम्ही मरोळ गावठाणातले ईस्ट इंडियन. म्हणजे इथले मूळचे कॅथलिक, घरात मराठी बोलणारे. माझं नाव अंतोन परेरा. हे नाव आणि तोंडी मराठी, असं ऐकून पलटणीत पहिला महिनाभर लोक मला बघायला यायचे. तर आमच्या आयकडे गावठाणातलं एक काम होतं. कुणी जायला टेकलं की बोलावणं यायचं, "अंतोनचे आय, चल." ती हातातलं टाकून उठायची. चुलीवर मासळी असली तर शेजारणीला सांगायची, "बघ गं जरा." आणि जाऊन त्या माणसाच्या कानाशी बसायची. शेवटच्या घटकेला कानात सांगायचं, येशू, मारिया, जोसेफ. पुन्हा पुन्हा. जीव जाईपर्यंत.

पण ते शेवटी. त्याच्या आधी कधी तासभर, कधी अख्खा दिवस ती त्या माणसाशी गप्पा मारायची. आंबे उतरवले का, धाकटीचं लग्न कुठे ठरलं, असलंच काहीतरी. तिचे नियम मला पाठ होते. रडायचं नाही. बोलायचं थांबायचं नाही, कारण डोळे मिटले तरी कान जागा असतो. आणि खोटं बोलायचं नाही. "बरं वाटंल हां, असं नाय सांगायचं," ती म्हणायची. "तो निघालेला माणूस हाय. त्याला वाट विचारायची असते. आपण खोटं बोललो तर तो विचारणार कुणाला?"

स्वतःचं तिने सगळं तयार ठेवलेलं. लग्नातलं लाल लुगडं ट्रंकेत, तेच नेसवून पुरायचं असं सांगून ठेवलेलं. पाऊस सरला की ते लुगडं अंगणात उन्हाला टाकायची आणि त्याच हातांनी पापड वाळत घालायची. मरणाची तिला हौस नव्हती, बरं का. चांगली खवचट, हसरी बाई होती. फक्त आपण इथे राहायला आलेलो नाही, हे ती सकाळी चूल पेटवताना विसरायची नाही.

पोस्टवर हे सगळं मी एकाच माणसाला सांगितलं होतं. नाईक सुधाकर कदम. विक्रोळीचा. वडील हयात असताना तिथल्या कंपनीत, घर चाळीत. पोस्टवर मुंबईचे आम्ही दोघेच, त्यामुळे पहिल्या दिवसापासून जमलं. मी संध्याकाळी माळ जपायचो म्हणून त्याने माझं नाव पाद्री ठेवलं आणि ते सगळ्यांनी उचललं. आयचं काम ऐकून तो म्हणाला, "म्हणजे तुझी आय वरच्या गाडीची टीसी आहे की रे!"

"टीसी तिकीट मागतो. ती मागत नाही."

"मग फुकट्यांची सोय झाली. झकास! माझं नाव सांगून ठेव."

असा माणूस. त्याच्या असण्याने बर्फातसुद्धा चाळीतल्यासारखा गलका असायचा.

आता तो दिवस. रॉकेलचे जेरीकॅन आणायला खालच्या पोस्टपर्यंत लिंक पेट्रोल, म्हणजे दोन-तीन जवानांची गस्त, जायची. त्या दिवशी सुधाकर पेट्रोल लीडर, बरोबर शिपाई शेळके आणि शिपाई माने. सकाळी आभाळ स्वच्छ होतं. परत येताना ते दोन उतारांमधल्या नाल्यात शिरले आणि वारा फिरला. दहा मिनिटांत व्हाइट-आउट. पुढे केलेला हात दिसेना. मग वरच्या उतारावरून बर्फ सुटल्याचा आवाज आला. तो ज्याने ऐकलाय त्याला सांगावा लागत नाही आणि ज्याने ऐकला नाही त्याला सांगता येत नाही.

मी सेटवर होतो. आमचं कॉल साइन वन, पेट्रोलचं वन अल्फा.

"वन अल्फा फॉर वन. ओव्हर."

काही नाही. पुन्हा. पुन्हा. पाचव्या-सहाव्या कॉलला आवाज आला.

"वन, वन अल्फा. उतार सुटला. शेळके आणि माने दिसत नाहीत. मी कमरेपर्यंत आत आहे. हात मोकळे. पाय हलत नाहीत. ओव्हर."

सुभेदार साहेबांनी रेस्क्यू पार्टी काढली. मीही उठलो तर ओरडले, "तू बस. तू उठलास तर त्याच्याशी बोलणार कोण?" पार्टी निघाली, हे मी सुधाकरला सांगितलं, तेव्हा ते खरं होतं. पार्टी नाल्याच्या तोंडाशी पोचली आणि उतार पुन्हा सुटला. एक जवान जेमतेम दोरावर राहिला. ते मागे आले. अर्ध्या तासाने पुन्हा गेले, पुन्हा मागे आले. बेसने सांगितलं, हेलिकॉप्टर या हवेत शक्य नाही. तेव्हा सुभेदार साहेबांनी पार्टी थांबवली. म्हणाले, "तिघे गेलेत. मला सात करायचे नाहीत." तो निर्णय बरोबर होता. ते बोलताना त्यांचं तोंड मात्र भिंतीकडे होतं.

मग मला म्हणाले, "परेरा, त्याला सांग, पार्टी वाटेवर आहे. धीर सोडू नकोस म्हणावं."

"साहेब, पार्टी तर—"

"ऑर्डर आहे."

मी हँडसेट उचलला. म्हणालो, "वन अल्फा, पार्टी वाटेवर आहे. धीर धर. ओव्हर."

"रॉजर," सुधाकर म्हणाला. "काय घाई नाय. मी मजेत आहे. ओव्हर."

असं तासभर चाललं. मी सांगायचो, आले, आले. तो म्हणायचा, मस्त, चहा टाकून ठेवा. मधेमधे त्याचे दात एकमेकांवर आपटल्याचं सेटमधून ऐकू यायचं. आणि मला एकदम आय दिसली, तिचं ते पदर खोचून बसणं. वाटलं, इतक्या वर्षांत मी काय शिकलो? माझा मित्र निघालाय आणि मी त्याला नाटकातले डायलॉग ऐकवतोय!

तेवढ्यात त्यानेच विचारलं. कॉल साइन नाही, ओव्हर नाही.

"ए पाद्री. खरं सांग. कोण येतंय का?"

सुभेदार साहेब माझ्या मागे उभे होते. मला ऑर्डर होती. सैन्यात ऑर्डर म्हणजे काय, हे मला कुणी समजवायची गरज नाही. मी स्विच दाबला.

"नाही रे. पार्टी दोनदा मागे फिरली. उतार अजून सुटतोय. उद्या सकाळी निघतील."

मग तो म्हणाला, "उद्या म्हणजे मी नाय."

"हो."

"शेळके, माने?"

"त्यांचा काही आवाज नाही, सुधा."

सेटवर बराच वेळ नुसती खरखर. मला वाटलं, झालं, संपवला मी त्याला. आणि त्याच्या हसण्याचा आवाज आला. खोटं सांगत नाही, हसला तो. "सुटलो रे बाबा," म्हणाला. "मगापासून मी पण तुमच्यासाठी नाटक करत होतो. तुम्हाला वाईट नको वाटायला म्हणून. आता बोल. नीट बोल जरा."

मी मागे वळलो. सुभेदार साहेबांनी माझ्या हातातून हँडसेट घेतला. मला वाटलं, आता माझी वाट लागली. ते म्हणाले, "कदम, सुभेदार जाधव बोलतोय. तुझ्यापर्यंत पोचू शकलो नाही. मला माफ कर, पोरा." आणि हँडसेट परत माझ्या हातात देऊन बाहेर, वाऱ्यात जाऊन उभे राहिले.

मग आम्ही बोललो. बॅटरी त्याने जॅकेटच्या आत, अंगाला लावून ठेवली होती म्हणून एवढी टिकली. काय बोललो विचाराल तर काहीच नाही. विक्रोळीच्या खाडीत तो लहानपणी खेकडे पकडायला जायचा आणि एकदा चिखलात चप्पल रुतली म्हणून आईने धुतला, ते. आमच्या गावठाणातल्या लग्नांत बँड किती बेसूर वाजतो, ते. आरेच्या झाडीत पोरं शाळा बुडवून जायची, ते. त्याने एकदा आईचं नाव घेतलं आणि थांबला. मी फक्त स्विच दाबून धरला, म्हणजे मी आहे हे त्याला कळावं.

मग त्याचे शब्द जड व्हायला लागले. म्हणाला, "पाद्री, तुझ्या आयचं ते सुरू कर."

"तुझ्या देवाचं म्हणू का?"

"माझं मी म्हणतोय रे. तू तुझं म्हण. दोन्ही लायनी चालू ठेव."

मी सुरू केलं. येशू, मारिया, जोसेफ. प्रत्येक वेळी तो त्याचा स्विच एकदा दाबायचा आणि इकडे कट् असा आवाज यायचा. किती वेळ ते मला माहीत नाही, घड्याळाकडे मी बघितलं नाही. मग कट् आला नाही. मी तरी म्हणत राहिलो. पोस्टवरची बाकीची मराठा पोरं एकेक करून माझ्या मागे येऊन बसली होती. शेवटी सुभेदार साहेबांनी खांद्यावर हात ठेवला आणि लॉगमध्ये लिहायला सांगितलं, नथिंग हर्ड.

सकाळी हवा उघडली. पार्टीने तिघांना वर आणलं.

सुट्टी मिळाली तसा मी घरी जायच्या आधी विक्रोळीला गेलो. सुधाकरची आई, सुमनकाकी, आणि धाकटी बहीण वंदना घरात होत्या. वडील आधीच गेलेले. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की सगळं क्षणात झालं, त्याला कळलंही नाही. चांगल्या मनाने सांगितलं असेल. पण काकींनी मला समोर बसवून विचारलं, "तू होतास ना तिथे? काय झालं?" आणि मी सांगितलं. सगळं.

काकी ऐकत होत्या. मी संपवल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तू सांगितलंस त्याला, की कोणी येत नाही?"

"हो काकी. त्याने विचारलं."

"माझं पोर आशेवर तग धरून होतं. ती तू तोडलीस." आवाज चढला नव्हता. "सकाळी माणसं पोचली ना? मग? तेवढा वेळ काढला असता त्याने. ऊठ. पुन्हा या घराची पायरी चढू नकोस."

मी उठलो. चहाचा कप भरलेलाच होता.

डॉक्टर लोकांना मी विचारलंय. त्या थंडीत, त्या अवस्थेत सकाळ उजाडली नसती, असं सगळ्यांचं म्हणणं. पण आईचं गणित वेगळं असतं आणि ते तिच्याशी मांडायला मी कोण? आमच्या फादरना विचारलं, मी बरोबर केलं की चूक. ते म्हणाले, प्रार्थना करा. अहो, ती तर चालूच होती!

त्यानंतर नोकरी पुरी करून मी हवालदार म्हणून बाहेर पडलो आणि मरोळला आलो. आय तोवर गेली होती, लाल लुगड्यात. बायको लुसी माझ्या पेन्शनीच्या तिसऱ्या वर्षी गेली. मुलगा कॅनडात आहे. रविवारी फोन करतो, "पप्पा, ओके ना?" विचारतो, मी ओके म्हणतो. गावठाणाच्या चहूबाजूंनी काचेच्या इमारती आल्यात, डोक्यावरून विमानं जातात, आणि आमच्या गल्लीतली अर्धी घरं कुलपात आहेत. कधीकधी सकाळी मासळीवालीशी बोलतो ते दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याशीच. मधे कुणाशी नाही. एकटेपण आहे. नाही म्हणणार नाही.

पण एकटा आहे म्हणून ढिला नाही. अजून उजाडायच्या आधी उठतो, तोंड धुऊन अंगणातल्या क्रॉससमोर उभा राहतो. माझी स्टँड-टू. देवाला सांगतो, परेरा हजर. शेजारच्या डिमेलोशी गाडी लावण्यावरून माझी कचाकचा भांडणं होतात, मी काही संत नाही. पण दिवस मावळायच्या आत जाऊन त्याची बेल वाजवतो. तो वैतागतो, "अंकल, परत भांडायला आलात का?" मी म्हणतो, "मिटवायला आलोय. उद्या मी नसलो तर तुझ्या डोक्याला ताप." पाऊस सरला की मेडलवाला ब्लेझर उन्हाला टाकतो, तोच घालून पुरायचंय. यंदा डिमेलोची बायको विचारत होती, "अंकल, कुठे लग्न वाटतं?" म्हटलं, "हो, सगळ्यांनी यायचंय."

आणि आयचं काम माझ्याकडे आलं. कसं आलं ते कळलंच नाही. गल्लीतली एक म्हातारी अखेरच्या घटका मोजत होती, तिची सून दारात आली, "आता कोण उरलंय हे करणारं? तुम्हीच चला." गेलो. मग बोलावणी यायला लागली. मरोळ, सहार, कुर्ल्याचं गावठाण. आता माणसं घरात जात नाहीत, हॉस्पिटलात जातात, तिथे नर्स घड्याळ दाखवते. जेवढं बसू देतील तेवढं बसतो. परत येताना बसमध्ये एक विचार हटकून येतो. माझ्या कानाशी कोण बसणार? विचारतो आणि स्टॉप आला की उतरतो. देवाला वाट माहीत आहे, असं मी लोकांना सांगतो ना? मग मलाही ते धरूनच चालायला हवं.

गेल्या पावसाळ्यात वंदनाचा फोन आला. इतक्या वर्षांत दर वर्षी, सुधाकर गेला त्या तारखेला, मी फोन करायचो, ती दोन शब्द बोलायची, आई फोनवर यायची नाही. म्हणाली, "दादा, आई घाटकोपरला ॲडमिट आहे. तुमचं नाव घेतेय. या. पण तिला काही बोलू नका हां. डॉक्टरांनी हात टेकलेत. आम्ही सोमवारी घरी नेणार म्हणून सांगितलंय."

गेलो. दुपारची भेटायची वेळ. काकी अगदी एवढ्याशा झाल्या होत्या. वंदना उशाशी उभी राहून मला डोळ्यांनी बजावत होती. काकी तिला म्हणाल्या, "मला शहाळं हवंय. जा, खालून घेऊन ये." ती गेली. काकींनी माझ्याकडे बघितलं.

"अंतोन, सोमवारी मी घरी जाणार का रे?"

तोच प्रश्न. आणि विचारणारी ती, जिने याच उत्तरासाठी मला दारातून उठवलं होतं. वाटलं, म्हण की हो, काय जातंय तुझं? म्हातारी बाई आहे, सुखाने जाऊ दे. खूप वाटलं.

"नाही काकी," मी म्हणालो.

त्यांनी डोळे मिटले. बाजूच्या पलंगावरच्या माणसाला कुणीतरी मोसंबी सोलून देत होतं. मी वाट बघत बसलो, आता हाकलतील म्हणून.

"आठवडा झाला," त्या डोळे न उघडता म्हणाल्या. "सगळे येतात, हसतात, सोमवार सोमवार करतात. मी पण हसते. वंदीला वाईट नको वाटायला म्हणून. एवढी माणसं येतात रे, पण कोणाशी काही बोलता येत नाही. इतकी एकटी मी कधी पडले नव्हते."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी सोडवून घेतला नाही. थोड्या वेळाने त्यांनी डोळे उघडले.

"सुधाने विचारलं आणि तू खरं सांगितलंस. मग तुम्ही दोघं बोलत बसलात."

"हो काकी. बराच वेळ."

"म्हणजे माझा सुधा एकटा नव्हता."

आयचा पहिला नियम मी तिथे मोडला, रडलो. काकींनीच माझ्या हातावर थोपटलं. मग विचारलं, "तो भेटेल का रे मला तिकडे?"

"मी बघितलेलं नाही काकी. पण मी रोज सकाळी उठतो ते हेच धरून उठतो."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग सांग, त्या दिवशी काय काय बोलला."

वंदना शहाळं घेऊन आली तेव्हा काकी तिला म्हणाल्या, "ये, बस. सोमवारचं राहू दे आता." वंदनाने माझ्याकडे बघितलं आणि तिथेच पलंगावर बसून आईच्या कुशीत तोंड खुपसलं. काकी शनिवारी गेल्या. मी उशाशी होतो, पण कानाशी वंदना बसली होती. मी फक्त तिला कसं बसायचं ते दाखवलं.

दोन नोव्हेंबरला आमच्या चर्चमध्ये मृतांसाठी मिस्सा असतो आणि फादर गेलेल्यांची नावं वाचतात. यंदा मी नावं द्यायला गेलो तर नवे फादर म्हणाले, "परेरा, ही माणसं आपल्या पॅरिशची दिसत नाहीत."

"नाहीत फादर," मी म्हणालो. "माझ्या पोस्टची आहेत."

त्यांनी वाचली. डिसोझा आणि मिरांडा यांच्या मधे, स्पष्ट आवाजात. नाईक सुधाकर कदम. शिपाई बाळू शेळके. शिपाई नितीन माने. सुमन कदम. सगळं चर्च गुडघ्यांवर होतं. मी उठून सावधान उभा राहिलो.